चौतीस दमलेल्या बाई

पहिल्या दिवशी चौथीच्या चौतीस मुलांनी चौतीस चित्रगोष्टी केल्या आणि शेवटी उरली एकच. दोष द्यायचा तरी कुणाला? चित्रगोष्टी बनवायची ती वेबसाइट फुकट वापरायची तर सबंध वर्गाला मिळून एकच खातं मिळे. बाईंनी पासवर्ड फळ्यावर ठळक लिहून दिला आणि 'गोष्टीला नाव द्या' असं आलं की 'माझी गोष्ट' लिहा, असं सांगून टाकलं. मुलं गुणी. सगळ्यांनी 'माझी गोष्ट' असंच लिहिलं. मग प्रत्येक नवी 'माझी गोष्ट' आधीच्या 'माझ्या गोष्टी'च्या उरावर बसत गेली आणि ज्याने सर्वांत शेवटी बटण दाबलं, त्याची तेवढी राहिली. तो वर्गातला 'वकील' होता. प्रत्येक गोष्टीत मुद्दा काढायचा म्हणून त्याला सगळे वकीलच म्हणत. बाकीच्या तेहतीस जणांनी रडून कॉम्प्युटरची खोली डोक्यावर घेतली आणि वकील मात्र म्हणत राहिला, "पण बाई, माझी आहे ना. मग काम झालंच ना."

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी हजेरीचे नंबर नाव म्हणून द्यायला लावले. एक ते चौतीस. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

पुन्हा पहिल्यापासून करायची बाईंना सवय होती. सत्तावीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या. दर वर्षी नवी मुलं, तेच पाढे, तीच सांडलेली पाण्याची बाटली. पण हल्ली त्या दमत. दमत म्हणजे जिना चढून आल्यावर दमतात तसं नाही. सकाळी उठतानाच दमलेल्या असत. घरी आई मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळली होती. तिचं सगळं आवरून, तिच्या उशाशी पाणी, गोळ्या आणि मोबाइल ठेवून बाई शाळेत येत. धाकटी बहीण दूर राहून फोनवर सल्ले देई. सल्ले द्यायला तिला कधी थकवा येत नसे. "ताई, तू जरा स्वतःकडे बघ," असं ती म्हणाली की बाई "हो" म्हणत आणि भाजी ढवळत राहत.

त्यात मोठ्या सरांनी हे नवं काढलेलं. मुख्याध्यापकांना सगळी शाळा मोठे सर म्हणे, उंचीने ते लहानखुरेच होते तरी. ते कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आले आणि आल्या आल्या त्यांनी फर्मान काढलं की यंदा पालकसभेला मुलांच्या चित्रगोष्टी भिंतीवर लागल्या पाहिजेत. विषय, 'माझ्या शाळेतला एक दिवस'. प्रत्येक गोष्टीत शिक्षिका आलीच पाहिजे.

"पालकांना कळू दे की आपल्याकडे वातावरण कसं आहे," ते म्हणाले. मग बाईंना एकटीला थांबवून त्यांनी हळूच पुढचं सांगितलं. "बाई, स्पष्टच बोलतो. पालकांना हल्ली हसतमुख माणूस लागतो. तुमच्याविषयी तक्रार अशी नाही. पण नवीन मॅडम आल्यात, त्यांच्यात उत्साह आहे. पुढच्या सत्रापासून चौथी त्यांना द्यावी आणि तुम्हाला दप्तरखोलीत जरा निवांत काम द्यावं, असं मनात आहे. पालकसभा होऊ दे. मग ठरवू."

दप्तरखोली म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे जुन्या हजेऱ्या, दाखल्यांच्या चोपड्या आणि एक पाय मोडलेला पृथ्वीचा गोल होता. निवांत तर ती होतीच. तिथे कुणी फिरकतच नसे. दमलेलं असणं वेगळं आणि वर्ग नसणं वेगळं, हे बाईंना त्या क्षणी लख्ख कळलं. वर्गात त्या दमत, पण निदान दिवसातून चार वेळा कुणीतरी असं काही बोले की हसू येई. जिन्याखाली कोण बोलणार होतं?

तेव्हा बाई जिद्दीने कामाला लागल्या. चौदा कॉम्प्युटर, त्यातले अकरा चालू. मुलं पाळ्यापाळ्याने बसत. वेबसाइटवर तयार माणसं होती: मुलगा, मुलगी, आई, बाबा, कुत्रा, यंत्रमानव आणि शिक्षिका. शिक्षिका अंबाडा घातलेली, चष्मेवाली. तिला पाच चेहरे होते: हसरा, रागीट, रडका, चकित आणि दमलेला. आणि त्या वेबसाइटची एक खोड होती. चेहरा बदलला की अंगही बदले. रागीट चेहरा घेतला की हात कमरेवर जात. दमलेला घेतला की खांदे पडत, डोळ्यांखाली दोन काळ्या रेघा येत. हसरा घेतला की एक हात वर उठे आणि ती टाटा करू लागे. कुणाला टाटा करायचा आहे की नाही, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

दोन आठवडे बाई या मशीनवरून त्या मशीनवर फिरल्या. माउस अडकला, फुंकर मारा. बोलायचा फुगा चुकून कुत्र्याच्या तोंडाला लागला, सोडवा. यंत्रमानवाने शाळा पाडली, बरं, पाडू दे, पण शिक्षिका कुठे आहे? गोष्टी वाचायला त्यांना सवडच मिळाली नाही. शुद्धलेखन तेवढं जाता जाता सुधारलं.

पालकसभेच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या छापायला बसल्या, तेव्हा पहिल्यांदा सगळ्या गोष्टी एकत्र दिसल्या. पडद्यावर ओळीने नखाएवढी चित्रं. फुग्यातली अक्षरं मुंगीएवढी, काही कळत नव्हतं. शिक्षिका मात्र कळत होती. एक नंबर, पडलेले खांदे. दोन नंबर, पडलेले खांदे. बाई खाली सरकत गेल्या. सात, बारा, एकोणीस. मुलांनी एकमेकांची नक्कल केली म्हणावं तर दोन नंबर सोमवारी बसला होता आणि तेहतीस नंबर शुक्रवारी. वकिलाने एका चौकटीत रागीट चेहरा घेतला होता, पण पुढच्या चौकटीत त्यानेही कच खाल्ली होती. पाच चेहऱ्यांतून चौतीस मुलांनी एकच उचलला होता.

बाईंना रडू आलं नाही. आधी लाज वाटली, मग संताप आला. इतकं करून हेच दिसतं यांना? आणि मग सरळसाधी भीती वाटली, की उद्या ही भिंत बघून मोठ्या सरांना ठरवायला काही उरणारच नाही.

दाराशी, फाटकाकडे तोंड करून, चिमणी बसली होती. एकवीस नंबर. वर्गात सगळ्यांत लहानखुरी म्हणून चिमणी. तिची आई बेकरीत पाळीवर असे आणि रोज अर्धा-पाऊण तास उशिरा येई. तोवर चिमणी बाईंपाशी थांबे.

बाईंनी एक नंबर उघडला. शिक्षिकेवर बोट ठेवलं, हसरा चेहरा घेतला, जतन केलं. दोन नंबर. तीन नंबर. खातं एकच असल्यामुळे सगळ्या गोष्टी त्यांच्या हाताखाली होत्या. फुगे आता मोठे दिसत होते, वाचता आले असते. बाईंनी वाचले नाहीत. वाचलं असतं तर हात थांबला असता, हे त्यांना आतून ठाऊक असावं.

"बाई, काय करताय?" चिमणीने मागून विचारलं. ती कधी आत येऊन मागे उभी राहिली होती, कळलंही नव्हतं.

"तपासतेय."

"माझी पण?"

"सगळ्यांची."

चिमणी बघत राहिली. पडद्यावर एकवीस नंबर होता. बाईंनी शिक्षिकेचा चेहरा बदलला आणि ती टाटा करू लागली. तेवढ्यात तिची आई धापा टाकत आली, "सॉरी हं बाई," म्हणाली, आणि दोघी गेल्या.

सगळं छापून बाईंनी गठ्ठा शिपाईमामांकडे दिला. सकाळी मुलं यायच्या आत भिंतीवर लावा म्हणाल्या. घरी आईने विचारलं, "आज इतका उशीर?" बाई म्हणाल्या, "काम होतं." जेवण काही गेलं नाही.

सकाळी त्या शाळेत पोचल्या तर मोठे सर वर्गात उभे. मामांनी भिंत सजवली होती. चौतीस कागदांवरून शिक्षिका टाटा करत होती.

"वा, बाई!" मोठे सर खुशीत होते. हात मागे बांधून ते भिंतीवरून एक चक्कर मारून आले, दोन मिनिटांत चौतीस गोष्टी. "माझाच गैरसमज झाला म्हणायचा. मुलांना तुम्ही अशा दिसता तर प्रश्नच मिटला. चौथी तुमच्याकडेच राहील. दहाला पालक येतील, तेव्हा त्यांच्यासमोरच सांगतो."

ते गेले आणि बाईंचा जीव भांड्यात पडला. जेमतेम पाच मिनिटं तो तिथे राहिला.

मग मुलं आली, आपापला नंबर शोधायला भिंतीकडे धावली, आणि हळूहळू कलकल थांबली. वर्ग कधी आपणहून गप्प झाला तर शिक्षकाने घाबरावं. बाई उठून मुलांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी पहिल्यांदा गोष्टी वाचल्या.

नऊ नंबरचा मैदानात गुडघा फुटला होता. 'रक्त आलं. बाईंनी धुतलं आणि फुंकर मारली.' रक्ताच्या थारोळ्याशेजारी शिक्षिका खदखदून हसत टाटा करत होती. चौदा नंबरने वर्गात उलटी केली होती. 'मामा नव्हते म्हणून बाईंनी पुसलं. बाई म्हणाल्या, होतं असं.' उलटीकडे बघून टाटा. तीस नंबरचे आजोबा वारले होते आणि तो बाकावर डोकं ठेवून बसला होता. बाई त्याच्या शेजारी 'काही न बोलता' उभ्या होत्या, आणि हसत होत्या. वकिलाच्या गोष्टीत बाई त्याला भागाकार पाचव्यांदा समजावत होत्या. 'बाई आधी रागावल्या. मग दमल्या. पण मला आलं.'

आणि एकवीस नंबर. पहिल्या चौकटीत सगळी मुलं घरी चाललेली. दुसरीत फाटक, एक रडकी मुलगी आणि तिला आनंदाने टाटा करणारी शिक्षिका. तिसरीत आई आलेली. दुसऱ्या चौकटीतल्या फुग्यात लिहिलं होतं, 'बाई दमल्या आहेत. पण बाई जात नाहीत.'

ज्या चेहऱ्याची बाईंना लाज वाटली होती, तो प्रत्येक गोष्टीत मुलांचं काहीतरी करून झाल्यावर आला होता. त्यांनी तेवढा चेहराच बघितला होता. आणि तो पुसून, रडणाऱ्या पोरांना हसणारी एक बया भिंतीभर लावून ठेवली होती.

"बाई," नऊ नंबर दबक्या आवाजात म्हणाली, "मी पडले तेव्हा तुम्ही हसत नव्हता."

"मी असं केलंच नव्हतं," तीस नंबर म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

"एक मिनिट, एक मिनिट," वकील पुढे आला. "हे कॉम्प्युटरने केलंय. मागे पण त्याने सगळ्यांचं घालवलं होतं. हो ना, बाई? कॉम्प्युटरनेच ना?"

सगळी मुलं बाईंकडे बघू लागली. 'हो' म्हणायचा अवकाश होता. कॉम्प्युटरची साक्ष काढायला कोण जाणार होतं? दहा वाजता मोठे सर पालकांसमोर सांगणार, चौथी यांच्याकडेच. बाईंची नजर चिमणीवर गेली. चिमणीने सगळं पाहिलं होतं. ती ओठ घट्ट मिटून जमिनीकडे बघत होती. ती सांगणार नव्हती. नऊ वर्षांची पोर आपल्या बाईंचं खोटं सांभाळत उभी होती.

ते मात्र बाईंना सहन झालं नाही.

"कॉम्प्युटरने नाही," त्या म्हणाल्या. "मी केलं."

"का?" वकिलाने विचारलं. तो विचारणारच.

"मला वाटलं, सगळ्यांनी मला दमलेली दाखवलंय, तर लोकांना मी चांगली वाटणार नाही. म्हणून बदललं. तुम्हाला न विचारता. चुकलं माझं."

मुलं विचारात पडली. मोठी माणसं चुकलं म्हणाली की पुढे काय करायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

"पण दमलेला वाईट असतो का?" नऊ नंबरने विचारलं. "माझी आई पण दमते."

"परत पहिल्यासारखं करा ना," तीस नंबर म्हणाला.

वेबसाइट जुनं काही राखत नव्हती, फुकटात तेवढंच. पुन्हा करून छापायला वेळ नव्हता. बाईंनी कपाटातून कोरे कागद, कात्र्या आणि डिंक काढला. डिंकाच्या बाटलीचं झाकण ठेवून मुलांनी गोल आखले, कापले, त्यांत पेन्सिलने चेहरे काढले आणि टाटा करणाऱ्या शिक्षिकेच्या हसऱ्या तोंडांवर चिकटवले. डोळ्यांखालच्या रेघा काढण्यात कुणीही काटकसर केली नाही. एकाने तर तीन-तीन काढल्या. वर उठलेला हात मात्र झाकता येईना. मग चौदा नंबरने त्या हातात फडकं दिलं. ते बघून नऊ नंबरने कापसाची पट्टी दिली, वकिलाने खडू दिला, कुणी उघडलेला डबा दिला. टाटा करणारी बाई कामाला लागली.

बाई बाकांमधून फिरत डिंक पुसत होत्या. पाय भरून आले होते. हातातून वर्ग चालला आहे, हे त्यांना कळत होतं. वाईट वाटतच होतं. आपण भारी खरेपणा केला, असं काही त्यांना वाटलं नाही. झोप आल्यासारखं वाटत होतं.

दहाला पालक आले. भिंतीपाशी आधी हशा पिकला. एका वडिलांनी फोटो काढले. चौदा नंबरच्या आईने नाक मुरडलं, लेकराची उलटी भिंतीवर लावायची काय गरज होती म्हणाली, आणि मग तेच पुन्हा पुन्हा वाचत राहिली. चिमणीची आई बेकरीतून तासाभराची सुट्टी काढून आली होती, बाहीला पीठ तसंच. ती एकवीस नंबरसमोर बराच वेळ उभी राहिली.

"बाई," ती जवळ येऊन म्हणाली, "मला वाटायचं तुम्हाला शाळेत काम असतं म्हणून तुम्ही थांबता."

"काम असतंच की," बाई म्हणाल्या.

बाईंचा हात तिने क्षणभर धरला.

मोठे सर भाषणाच्या तयारीनेच आत शिरले आणि भिंत बघून जागच्या जागी थांबले. सकाळची शिक्षिका गायब होती. तिच्या जागी साठ-सत्तर वेडेवाकडे, पेन्सिलने काढलेले दमलेले चेहरे होते. त्यांनी बाईंकडे बघितलं.

"सकाळचं मी केलेलं होतं, सर," बाई म्हणाल्या. "हे मुलांचं आहे. मुलांना मी अशीच दिसते."

मोठ्या सरांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी खिशातून चष्मा काढला, लावला, आणि एक नंबरपासून सुरुवात केली. या वेळी दोन मिनिटांत आटपलं नाही. पालक ताटकळले, मुलं चुळबुळायला लागली. तिसाव्या नंबरापाशी ते फार वेळ थांबले. चौतीस संपल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि बाईंजवळ येऊन, फक्त त्यांना ऐकू जाईल असं, म्हणाले, "सकाळी मी नुसती तोंडं बघितली होती."

"मी पण, सर," बाई म्हणाल्या.

मग ते पालकांकडे वळले. मोठं भाषण त्यांनी केलं नाही. चौथीचा वर्ग पुढच्या सत्रातही बाईंकडेच राहील, एवढंच म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "आणि शाळा सुटल्यावर फाटकावर आता आम्ही पाळ्या लावणार आहोत. सोमवारी मी थांबेन." मामा दाराआड खोकले. त्यांनी मोठ्या सरांना कधी फाटकावर पाहिलं नव्हतं.

सगळे गेल्यावर बाई वर्गातल्या खुर्चीत बसल्या. सत्रभर ती खुर्ची बहुतेक दप्तरं ठेवायच्या कामी आली होती. समोर कात्रणांचा कचरा, डिंकाने चिकट झालेले बाक. आवरायला हवं होतं. उठवेना.

चिमणीने पाठीवर दप्तर अडकवलं होतं, आई दारात उभी होती. तरी ती परत आत आली आणि बाईंच्या तळहातावर तिने एक छोटासा गोल कागद ठेवला. झाकणाएवढा. त्यावर चष्मा होता, अंबाडा होता, आणि डोळ्यांखाली रेघा नव्हत्या. हसरा होता.

"हा एक उरलाय," ती म्हणाली. "शाळेत नाही लागला. हा तुम्ही घरी न्या."

ती गेली. बाई कागदाकडे बघत बसल्या. मग त्यांनी चष्म्याचं घर उघडलं, कागद आत ठेवला, आणि सकाळपासून आवरून धरलेलं रडू मोकळं केलं. वर्गात कुणी नव्हतं. भिंतीवर चौतीस दमलेल्या बाई आपापल्या कामात होत्या.